दारावरचा ओला हात

१

यहुद्यांच्या नव्या देशात, वाळवंटातल्या डिमोनात, दुपारचे दोन वाजले की दुकानांच्या जाळ्या खाली येत, घरांच्या झडपा पडत आणि चार वाजेपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नसे. सगळं गाव झोपे. त्या वेळात कोणी खिळ्यावर हातोडा मारला तर चारी मजल्यांवरून बाया ओरडत.

नेहेम्या रोहेकर तेवढा झोपत नसे. माझगावच्या गोदीत सुतारकाम करण्यात त्याचा जन्म गेला होता. दुपारी अंग टाकायचं ते आजाऱ्याने, असं त्याचं मत. मुंबईहून निघताना त्याने ते हत्यारांच्या पेटीत घालून बरोबर आणलं होतं. तो बाहेरच्या खोलीत दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसे, पाठ न टेकता. आतल्या खोलीत सून जेरुशा पडलेली असे. तिला नववा लागला होता. पहिलंच बाळंतपण, घरातलं पहिलंच नातवंड. नेहेम्याची बायको मुंबईच्या मातीत राहिली. तिने जे तोंड पाहायचं राहून गेलं ते आपण पाहायचं, यापलीकडे म्हाताऱ्याला आता काही नको होतं.

त्रेसष्ट सालचा पेसाह आला, मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा आठवडाभराचा सण. मुंबईच्या यहुदी लोकांत रीत अशी की सणाचा मेंढा कापला की घरच्या वडीलधाऱ्याने उजवा पंजा रक्तात बुडवायचा, कागदावर उमटवायचा आणि तो कागद बाहेरून दाराच्या चौकटीवर डकवायचा. मिसर देशात ज्या रात्री घरोघरी पहिलं मूल मेलं, त्या रात्री आपल्या माणसांच्या दारांवर रक्त होतं, म्हणून तो पुढे निघून गेला, असं नेहेम्याची आई सांगे. तो म्हणजे कोण, हे तिने कधी सांगितलं नाही आणि पोराने विचारलं नाही.

डिमोनात येऊनही ही रीत चुकली नव्हती. एलियाहू म्हणून रेवदंड्याकडचे एक म्हातारे होते, ते घरांच्या मागे मोकळ्या वाळूत मेंढा कापत आणि आपल्या लोकांना वाटीवाटीने रक्त देत. ते हिवाळ्यात वारले. आता मांस बीर शेव्याहून गाडीतून येई, धुतलेलं, मीठ लावलेलं, दगडासारखं गोठलेलं. त्यात रक्ताचा थेंब नसे, आणि खाण्याच्या मांसात तो असूही नये.

सणाच्या आदल्या संध्याकाळी मुलगा एफ्राइम गिरणीतून आला तो हातात एक छोटा टिन घेऊन.

"हे काय?"

"पेंट. आगीच्या बादल्यांना लावतात तो. तांबडा पाहिजे ना तुम्हाला? हा घ्या तांबडा."

"रक्ताच्या जागी पेंट?"

"बाबा, एकदा वाळला की कोण ओळखतोय?"

नेहेम्याने टिनाकडे पाहिलं, मग बोडक्या चौकटीकडे. दोन्ही वाईट. पण बोडकी चौकट जास्त वाईट वाटली. त्याने बाही वर सारली, पंजा बुडवला, कागदावर दाबला. एक थेंब उंबऱ्यावर पडला. एफ्राइमने स्टुलावर चढून कागद डकवला आणि खाली उतरून टाळी वाजवली.

"झाला सण सुरू."

नेहेम्या हसला नाही. रॉकेलने हात धुताना त्याला उगीच वाटलं की आपण कोणाला तरी खोटं नाणं दिलं.

२

तिसऱ्या की चौथ्या दुपारी तो बाहेर जिन्यावर आला होता. बिजागरी कुरकुरत होती, तिला तेल द्यायला. तेल देऊन सहज वर पाहिलं. पंजा चकाकत होता.

वाळलेला पेंट चकाकतो, त्यात काय. पण ही चकाकी हलली. नेहेम्याने खुर्ची आणली, वर चढला आणि बोट लावलं. बोट तांबडं झालं.

डिमोनाची हवा कशी, तर धुतलेला सदरा दोरीवर टाकून दुसरा पिळेपर्यंत पहिला वाळावा. ओठ फुटतात, लाकूड रात्रीतून तडकतं, ताज्या पावाचं संध्याकाळपर्यंत खापर होतं. अशा हवेत पातळ कागदावरचा पेंट ओला राहतो?

त्याने बोटाचा वास घेतला. वास पेंटचाच होता. हे त्याने मुद्दाम नीट पाहून घेतलं.

संध्याकाळी एफ्राइमला सांगितलं.

"तेल जास्त झालं असेल त्यात," एफ्राइम पाय धुता धुता म्हणाला. "स्वस्तातला माल. गिरणी काय आपल्यासाठी चांगला आणते?"

"उंबऱ्यावर थेंब पडला होता. तो त्याच संध्याकाळी वाळला. मी नखाने खरवडून काढला."

"मग उंबरा तापलेला असेल."

"एकाच टिनातला पेंट, एफ्रा."

"बाबा, पेंट ओला आहे तर ओला आहे. त्याला काय डॉक्टरकडे नेऊ?"

आतून जेरुशा हसली. मुलाच्या म्हणण्यात अक्कल होती, आणि अक्कल नेहेम्याला आवडे. पण त्या रात्री जेवताना त्याचं मन तांबड्या रंगाभोवतीच फिरत राहिलं. गोदीत तांबडा बावटा दिसला की क्रेन थांबे. लग्नाच्या आदल्या दिवशी याच जेरुशाच्या बोटांना मेंदी लावली होती, तिचा तांबडा रंग चढला तसे सगळे बायाबाप्ये पाहायला जमले. एकच रंग, पण एका ठिकाणी म्हणतो थांब आणि दुसऱ्या ठिकाणी म्हणतो ये. माझ्या दारावरचा काय म्हणतोय, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने पाण्याचा पेला रागाने खाली ठेवला.

३

वरच्या मजल्यावर शुला राहायची. रुमानियातून आलेली, पंचविशीची, जिभेला धार. तिचा नवरा दोव महिनाभर सैन्याच्या राखीव कामावर गेला होता, घरात ती आणि तिचं पहिलंच तान्हं पोर, योराम. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोराला कडेवर घेऊन नेहेम्याच्या दारात उभी राहिली. दोघांचं बोलणं मोडक्या हिब्रूत चाले. तिचीही मोडकी, त्याचीही.

"सबा, हे तुझं काम आहे?"

इथली सगळी तरणी माणसं त्याला सबा म्हणत, म्हणजे आजोबा. तिचं बोट जिन्याच्या भिंतीकडे होतं. पांढऱ्या चुन्यावर तांबडे ओघळते पट्टे होते. खालच्या दारापासून सुरू होऊन जिन्याबरोबर वर चढत ते नेहेम्याच्या दाराशी संपत होते.

"माझे हात बघ." त्याने दोन्ही तळवे पुढे केले.

"मग तुझ्या मुलाचे असतील. तुमच्या देशात भिंतीला हात पुसतात का?"

"आमच्या देशात शेजारीण दारात आली की आधी शालोम म्हणते."

"शालोम. आता तो भयंकर कागद काढ. मी रोज पोराला घेऊन त्याच्याखालून जाते. लोक विचारतात, इथे कोणी कोंबडं मारलं का म्हणून. आपण आता नव्या देशात आहोत, सबा."

नेहेम्याने कडेवरच्या पोराकडे पाहिलं. पोराच्या मनगटाला तांबडा दोरा होता.

"आणि हे काय?"

"दोरा." ती जरा अडखळली. "नजर लागू नये म्हणून. पाळण्यालाही आहे. सासूने बांधलाय."

"तुझ्या सासूचा तांबडा दोरा नव्या देशात चालतो, माझ्या आईचा तांबडा हात चालत नाही?"

शुलाने हसून दिलं. "तू वकील व्हायला पाहिजे होतास, सबा. भिंत तरी पूस." ती पोराला थोपटत वर गेली.

नेहेम्या चुना आणि कुंचा घेऊन आला, पण लगेच हात चालवला नाही. पट्टे चार-चार होते. चार बोटांचे. आंगठा कुठेच नव्हता. अंधारात चाचपडत जाणारा माणूस भिंतीला अशी बोटं टेकवत जातो. पण गेल्या संध्याकाळी तो सगळ्यांत शेवटी घरात आला तेव्हा भिंत पांढरी होती की नाही, हे त्याला आठवेना. पोरंटोरं असतील, त्याने स्वतःला सांगितलं. कागदाला हात लावून पळाली असतील.

मग त्याने पट्ट्यांपर्यंत हात उंच केला. पोचला नाही. टाचा उचलल्या, तरी पोचला नाही.

कुंच्याला काठी बांधून त्याने भिंत पांढरी केली.

४

त्या दुपारी तो खुर्चीवर बसला असता आवाज आला.

मोठा नव्हता. झोपलेल्या गावात तेवढा एकच होता म्हणून ऐकू आला. आधी जिन्यात काहीतरी भिंतीला घासत वर आलं, सर्र, सर्र, मध्ये थांबत. मग दाराच्या वरच्या अंगाला एक चिकट बारीक आवाज झाला. व्हार्निश पुरतं वाळायच्या आत त्यावर तळवा टेकावा आणि उचलावा, तसा. पुन्हा टेकला. पुन्हा उचलला.

नेहेम्याने मान वळवली नाही. खमसीनचा, वाळवंटातला गरम वारा सुटायला लागलाय, त्याने कागद सुटून फडफडत असेल. पण झडपांच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी जमिनीवर गप्प पडली होती, आणि तिच्यातली धूळसुद्धा हलत नव्हती.

तो उठला आणि दार उघडलं. जिना रिकामा. ऊन पायऱ्यांवर सांडलेलं. तो कागदाकडे बघत उभा राहिला. पंजा आता त्याचा राहिला नव्हता. बोटं लांबली होती, तळवा रुंद झाला होता. त्याच्या हाताची आकृती खाली कुठेतरी होती आणि तिच्यावर दुसऱ्याने आपला हात पुन्हा पुन्हा ठेवला होता.

आतून जेरुशाची हाक आली. "मामा, दार कोण पुसतंय?"

"कोणी नाही. मी बिजागरीला तेल देतोय."

"काल पण दिलंत?"

"काल पण दिलं. झोप तू."

"दाय, मामा," ती म्हणाली. पुरे म्हणायचं असलं की तिला हिब्रूच सुचे. मग हळूच, मराठीत: "परवापासून येतोय तो आवाज."

नेहेम्या दार लावून खुर्चीत बसला. मुंबईला मूळजी जेठा मार्केटात त्याची आई तांबडं कापड घ्यायची तेव्हा आधी बोट जिभेला लावायची आणि कापडाच्या कोपऱ्यावर घासायची. बोटाला रंग लागला की कापड दुकानदाराच्या अंगावर परत फेकायची. कच्चा आहे, म्हणायची.

तो आवाज तसाच होता. कोणीतरी येत होतं आणि रंग कच्चा की पक्का ते बघत होतं. ज्याने दारावर नजर टाकून पुढे जायचं, तो पुढे गेला नव्हता. थांबला होता.

५

"काढून टाकतो तो कागद," एफ्राइम रात्री म्हणाला. जेरुशाने त्याला आवाजाचं सांगितलं होतं. "आणि हिला उद्या येरुहामला माझ्या मावशीकडे नेऊन सोडतो."

"बसमध्ये? धक्के खात? आज-उद्याची बाई ती."

"मग कागद तरी काढू द्या."

"हात लावायचा नाही."

"का पण? तुम्हीच म्हणालात ना, पेंट म्हणजे खोटं?"

"खोटं असेल. माझ्या दारावरचं आहे. कोणी येऊन घासून बघतो म्हणून मी ते उतरवायचं? उद्या म्हणेल, तुमची नावंही उतरवा."

एफ्राइमने डोकं हातात धरलं. "बाबा, ही ती कचेरी नाही."

त्या वर्षी मुंबईकडच्या माणसांनी लग्नाची नोंद करायला जावं तर धर्मखात्याच्या कचेरीत आजी-पणजीपर्यंतचा पुरावा मागत. फाल्गुनाच्या सुमारास नेहेम्या आपल्या बहिणीच्या मुलीला, अदिनाला घेऊन गेला होता. टेबलामागचा तरुण माणूस चांगलाच नम्र होता. मुलीची आई कोण? माझी बहीण, नेहेम्या म्हणाला. तिची आई? माझीही तीच. ती यहुदी होती हे कशावरून? नेहेम्याने सांगितलं, आमच्या कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून आम्हाला सगळा मुलूख ओळखतो, तू इथे बसून नाही ओळखलंस तर तुझं नशीब. मग त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि भाचीला घेऊन चालता झाला. लग्न अडलं ते अडलंच. अदिना अजून त्याच्याशी धड बोलत नव्हती.

"कचेरी नाही तर काय आहे?" नेहेम्या म्हणाला. "तू सांग. तू शिकलास."

एफ्राइम उठून जेरुशाजवळ जाऊन बसला. नेहेम्याला त्याच्या पाठीकडे बघून पहिल्यांदा भीती वाटली, स्वतःची नव्हे. रीत पोराला वाचवण्यासाठी होती. मी पोर पणाला लावून रीत वाचवतोय की काय, असं मनात आलं. त्याने तो विचार हाकलला नाही. रात्रभर तसाच उशाशी ठेवला.

६

सणाच्या शेवटच्या दिवशी खमसीन सुटला. आभाळ तांबूस-पिवळं झालं, दातांखाली वाळू करकरू लागली. जेरुशाला सकाळपासून कळा येत होत्या आणि तिने त्या दाबून धरल्या होत्या, सणाचं जेवण होईपर्यंत. दुपारी गाव झोपलं तेव्हा तिला बोलताही येईना. इमारतीत फोन कोणाकडेच नव्हता. एफ्राइम गाडी आणायला दवाखान्याकडे धावत सुटला.

नेहेम्याने जिन्यात उभं राहून वर हाक मारली. शुला अनवाणीच खाली आली.

"योराम?"

"आत्ताच झोपलाय. दार लोटून आलेय. ती कुठे आहे?" उत्तराची वाट न पाहता ती आतल्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. तिचा आवाज एकदम बदलला, मऊ झाला. रुमानियन भाषेत ती काहीतरी सांगत होती आणि जेरुशाला ते कळत असावं.

नेहेम्या बाहेरच्या खोलीत एकटा राहिला.

मग खालच्या दारापाशी सर्र असा आवाज झाला.

आज तो थांबत येत नव्हता. वाट माहीत असलेल्या माणसासारखा येत होता. इतके दिवस घासून पाहिलं. आज काय ते ठरवून आला असेल. आत जेरुशा ओरडली, आणि जिन्यातला आवाज ऐकत असल्यासारखा जागच्या जागी उभा राहिला.

नेहेम्याने पेटी उघडून पटाशी काढली. सणाच्या दिवशी हत्यार हातात धरायचं नसतं. त्याने जन्मात धरलं नव्हतं. आज धरलं. दार सताड उघडलं, खुर्ची ओढली, वर चढला आणि कागदाच्या कडेखाली पटाशी घातली. ओला कागद कातड्यासारखा सोलून निघाला. खालची चौकट कोरी होती. त्याने कागदाचा बोळा केला आणि जिन्यात खाली भिरकावला. बोळा दोन पायऱ्यांवर आपटला. तिसऱ्या पायरीवर आपटल्याचा आवाज आला नाही.

नेहेम्या खाली उतरला. खुर्ची उंबऱ्यावर दाराच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसला, पाठ न टेकता.

"ये," तो म्हणाला.

चौकटीच्या बाजूने बोटं आली. आधी चारच. लांब, मनगटापर्यंत तांबडी, ओली. आंगठा मग सावकाश आला. हात वर सरकला आणि कागद होता ती जागा शोधू लागला. आंधळ्याने दिव्याचं बटण शोधावं तसा, इकडे, तिकडे, पुन्हा त्याच जागी. तळवा एकदा नेहेम्याच्या बाजूला वळला. रंधा मारलेल्या फळीसारखा साफ होता तो. एक रेषा नव्हती.

नेहेम्याने मांड्यांवर मुठी दाबून धरल्या.

"तिथे काही नाही," तो मराठीतच म्हणाला. "पेंट होता, तो मी काढला. रक्त नाही, आणि मागितलंस तरी मिळणार नाही. हे नेहेम्या रोहेकरचं घर आहे. आत माझी माणसं आहेत. तुला पटलं तर पुढे जा. नाही पटलं तरी पुढेच जा."

हात थांबला. मग खाली आला, आणि त्याच्या कपाळावर टेकला.

थंड नव्हता, गरमही नव्हता. ओल होती फक्त. बोटांनी भुवया पाहिल्या, नाक पाहिलं, गालाची हाडं पाहिली, दाढीच्या खुंटांवरून उलट-सुलट फिरली. कापडाचा पोत बघावा तशी. नेहेम्याने डोळे मिटले नाहीत. एक बोट त्याच्या डोळ्यासमोर येऊन उभं राहिलं, तरी मिटले नाहीत. बघ, तो मनात म्हणाला. हवं तेवढं घास. हा रंग माझ्या बापाने दिलाय.

हात मागे गेला. चौकट रिकामी झाली.

नेहेम्याने श्वास सोडला. आत शुला म्हणत होती, अजून एक, अजून एक. जिन्यात पुन्हा सर्र झालं आणि तो कान देऊन बसला: आता उतरेल, आता खालचं दार लागेल.

आवाज वर जात होता.

पुढे जा, असं त्यानेच सांगितलं होतं. पुढे म्हणजे कुठे, याचा विचार त्याने केला नव्हता. पुढचं दार शुलाचं होतं. लोटलेलं. आत पहिलं पोर झोपलेलं, आणि उंबऱ्यावर कोणी बसलेलं नाही.

त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. इथून उठलं तर हे घर उघडं. शुलाला हाक मारली तर ती धावेल, आणि जिन्यात तिला काय भेटेल? त्याने खुर्ची बाजूला लोटली, आपलं दार बाहेरून ओढून घेतलं आणि कठडा धरून चढू लागला.

वळणावर नेहेम्याने त्या हाताला गाठलं. हात भिंतीवरून वर सरकत होता आणि मागे चार पट्टे सोडत होता. हाताच्या मागे, जिथे खांदा असायला हवा, तिथे काय होतं ते नेहेम्याने पाहिलं, आणि पाहिलं नाही असं ठरवलं. तो कठड्याला अंग घासत त्याच्या बाजूने वर गेला. जाताना त्याची बाही ओली झाली. शेवटच्या पायऱ्या त्याने हातापायांवर चढल्या, शुलाचं दार पाठीशी घेतलं, दोन्ही हात चौकटीला लावले आणि उभा राहिला.

"इथेही मीच आहे," तो म्हणाला. त्याला दम लागला होता. "आणि वरच्या मजल्यावरही असेन. किती जिने चढायचेत तुला?"

पाठीमागे योराम जागा झाला आणि भोकाड पसरलं.

"रड," नेहेम्या मान न वळवता म्हणाला. "मोठ्याने रड. घरात माणसं आहेत हे त्याला ऐकू जाऊ दे."

हात वळणाच्या वर आला होता. तो थांबला. कारण खालूनही आता आवाज आला, नेहेम्याच्या स्वतःच्या बंद दारामागून. आधी शुलाचा, मग जेरुशाचा, आणि मग एक तिसरा, बारीक, फाटलेला, कधी कोणी न ऐकलेला.

भिंतीवरची बोटं हळूहळू त्या आवाजाच्या दिशेने वळली.

नेहेम्याने चौकट सोडली आणि एक पायरी खाली उतरला, त्या हाताच्या वाटेत, त्याच्या अंगावर.